आजोबा अचानक असे का वागू लागले?

महिन्यापूर्वीपर्यंत स्वतः दूध आणायला जाणारे आजोबा दिवसभर पेंगत राहतात. रात्री मात्र उठून बसतात, भिंतीवर कोणीतरी दिसते म्हणतात, सुनेला ओळखत नाहीत. घरात निदान तयार असते : वय झाले. पण स्मृतिभ्रंश सहसा असा महिन्याभरात येत नाही, तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. बदल काही दिवसांत किंवा आठवड्यांत झाला असेल तर जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम किंवा साखर कमी होणे आणि चालू असलेली औषधे, यांच्याकडे आधी पाहावे लागते. औषधांचा विचार बहुधा शेवटी होतो, कारण ती तर बरे करण्यासाठीच दिलेली असतात!

ओपीडीत वारंवार दिसणारे उदाहरण चक्करीच्या गोळीचे. सिनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेले असते. बरे वाटते म्हणून तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या येत राहतात, सहा-सहा महिने. ही औषधे मेंदूतील डोपामिनच्या कामात अडथळा आणतात. हात थरथरतो, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो. दुसऱ्या डॉक्टरांना तो कंपवात वाटतो आणि ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू होते. ते ॲसिटिलकोलिनला रोखते, आणि स्मरणशक्तीला तर हेच रसायन लागते. मग तोंड कोरडे पडते, शौचाला होत नाही, लघवी तुंबते, भास होतात. रात्रीचा गोंधळ थांबावा म्हणून झोपेची गोळी येते. तिच्या गुंगीत आजोबा पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. तोवर पहिली चक्करीची गोळी कोणाच्या लक्षातही नसते. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी 1997 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या साखळीबद्दल सविस्तर लिहिले. आजही ती तशीच चालू आहे.

वयाबरोबर मूत्रपिंडांची क्षमता घटते, शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते. त्यामुळे डायझेपामसारखे औषध चरबीत साठून कितीतरी जास्त वेळ अंगात राहते. अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स यांनी 1991 मध्ये वृद्धांसाठी जपून वापरायच्या औषधांची यादी केली. 2023 मध्ये ती पुन्हा सुधारली गेली. तिच्यात झोपेच्या गोळ्या आहेत, मधुमेहावरचे ग्लिबेनक्लामाइड आहे, आणि सर्दीच्या गोळीत सर्रास असणारे क्लोरफेनिरामिनही आहे.

शंका आली तर घरातील प्रत्येक पाकीट पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्यावे. शेजाऱ्याने दिलेली गोळी, आयुर्वेदिक चूर्ण, सर्दीचे औषध, सगळे. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी दोन डॉक्टरांनी दिलेले सापडणे अजिबात दुर्मीळ नाही. कोणते औषध कधी सुरू झाले आणि वागणे कधी बदलले, या दोन तारखा कागदावर लिहून नेल्या तर अर्धे काम होते.

मात्र घरच्या घरी काही बंद करू नये. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात. डॉक्टर ती हळूहळू, बहुतेक वेळा एकेक करून कमी करतात. चक्करीच्या गोळीने आलेली थरथर तर ती बंद केल्यावरही जायला काही आठवडे, कधी महिने घेते. त्या काळात ‘फरक पडत नाही’ म्हणून नवी गोळी मागू नये. पण माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना डोक्यावर पडला असेल, तर मात्र पिशवी घेऊन थेट तातडीच्या विभागात जावे.