मिश्री, मंजन आणि दातांचे आरोग्य

सुरत शहरातील उधना, लिंबायत या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून यंत्रमागाच्या कामासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झालेली आहेत. जळगाव-उधना लोहमार्गाने गावाकडचे पाहुणे, धान्य व पापड-कुरडया येतात, त्याचप्रमाणे दंतधावनाची गावाकडील रीतही आलेली आहे. ही रीत म्हणजे मिश्री. खुद्द गुजरातेतही काही स्त्रियांत बजर या नावाने तपकीर दातांना लावण्याची चाल आहेच.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू होय. पुष्कळ स्त्रिया प्रथम दाढदुखीवर उपाय म्हणून ती लावू लागतात. तंबाखूतील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात उतरते, थोडी तरतरी वाटते, आणि मग सकाळच्या एका वेळेच्या तीन-चार वेळा केव्हा होतात, हे कळतही नाही. दुखण्याचे मूळ मात्र जेथल्या तेथेच राहते. हिरड्या मागे सरतात, दातांची मुळे उघडी पडतात व तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत धूरविरहित तंबाखू, विशेषतः मिश्री, वापरणाऱ्या मातांच्या अर्भकांचे वजन सरासरीने सुमारे १०५ ग्रॅम कमी आढळले. तेव्हा हा प्रश्न केवळ दातांचा राहत नाही.

दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र शासनाने १९९२ साली बंदी केली. या बंदीने कारखान्यांतील उत्पादनास आळा घालता येतो. घरच्या तव्यापर्यंत ती कशी पोहोचणार? तेथे सासूने सुनेला सांगितलेली गोष्टच अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

मिश्री सोडल्यावर दात कशाने घासावेत, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. अन्नातील साखरेवर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दातांचे कवच झिजून कीड लागते. टूथपेस्टमधील फ्लोराइड हे कवच बळकट करते. त्यासाठी महागडी पेस्ट लागत नाही. वेष्टनावर फ्लोराइडचा उल्लेख आहे एवढे पाहावे. मोठ्यांस वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी. मऊ ब्रशने दोन मिनिटे, हिरड्यांच्या कडेने हलक्या हाताने घासावे. रात्री झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून निजण्यापूर्वीचे घासणे सकाळच्या घासण्याहून महत्त्वाचे आहे. रात्रपाळीच्या कामगाराने कामावरून परतून झोपण्यापूर्वी घासावे. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरणाऱ्यांनी ती चावून चांगली मऊ करावी. राख, विटकरीची भुकटी व कोळसा यांनी मात्र कवच खरवडले जाते.

तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम अथवा तोंड उघडण्यास अडचण आढळल्यास विलंब न लावता दंतवैद्यास दाखवावे. सुरतेत नवीन सिव्हिल हॉस्पिटल व महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथे दाखविता येते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क उपलब्ध आहे.