कुत्रा चावला? लस तर घ्याच, पण कागदही जपा

मुलगा खेळायला गेलेला असतो आणि पाचच मिनिटांत रडत परत येतो. पोटरीवर दातांच्या खुणा, रक्त. अशा वेळी तुम्ही काय कराल? बहुतेक घरांत जखम धुतली जाते, लस घेतली जाते, चार दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. कानोत्यासारखं जयपूरच्या वेशीवरचं गाव असो की पुण्या-मुंबईतली सोसायटी, ‘आता कुत्र्यावर काय केस करणार?’ हेच ऐकायला मिळतं.

पण केस कुत्र्यावर नाही, त्याच्या मालकावर किंवा प्रशासनावर करता येते. त्यासाठी पहिल्या दिवसापासून काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

आधी जीव, मग केस

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून किमान १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट असलं काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना आवर्जून विचारा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून एकही डोस चुकवू नका.

कुत्रा पाळीव असेल तर

मुंबईतल्या वरळीचं उदाहरण बघा. २०१८ मध्ये एका इमारतीच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ आपला हस्की कुत्रा घेऊन शिरले. आत शेजारी आपल्या लहानग्या मुलासह उभे होते. कुत्रा आत आणू नका अशी त्यांनी विनंती केली, तरी तो ओढून आणला गेला आणि शेजाऱ्यांना चावला. २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला ४ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. लिफ्टमधलं सीसीटीव्ही चित्रण हा इथे महत्त्वाचा पुरावा ठरला.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ अशाच निष्काळजीपणासाठी आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा दखलपात्र गुन्हा आहे. ‘आपसात मिटवा’ असं सांगून तुम्हाला परत पाठवलं, तरी लेखी तक्रार द्या.

शिक्षा झाली म्हणजे पैसे मिळालेच असं मात्र नाही. औषधोपचाराचा खर्च, बुडालेला पगार आणि झालेला त्रास यासाठी मालकावर दिवाणी दावा वेगळा करता येतो. तो लांबणीवर टाकू नका, कारण दाव्यांना कायद्याने मुदत असते.

कुत्रा भटका असेल तर

इथे मालक नसतो, पण जबाबदारी संपत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक स्वराज्य संस्थांचं काम आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने भरपाईचा दरच ठरवून दिला. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये आणि मांस निघालं असेल तर ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान २०,००० रुपये. म्हणजे दोन दात रुतले तर किमान २०,००० रुपये. अर्जावर ४ महिन्यांत निर्णय द्यायचा, असंही न्यायालयाने सांगितलं. केरळमध्ये त्याआधीच, २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्यांसाठी न्या. सिरी जगन समिती नेमली होती.

हे दर सगळ्या राज्यांना लागू नाहीत. महाराष्ट्रात किंवा राजस्थानात राहत असाल तर पालिकेकडे लेखी मागणी करावी लागते आणि दाद मिळाली नाही तर न्यायालयात जावं लागतं. तिथे इतर राज्यांतल्या या निकालांचा दाखला देता येतो.

कोणते कागद जपाल?

• सरकारी दवाखान्याचा केसपेपर. त्यावर ‘कुत्रा चावला’ ही नोंद, तारीख आणि जखमेचं वर्णन आहे ना, ते तिथेच वाचून घ्या.
• जखमेचे त्याच दिवशीचे फोटो. शेजारी मोजपट्टी ठेवून काढले तर उत्तम.
• लसीकरणाचं कार्ड, औषधांची बिलं, रिक्षाभाड्याची नोंद.
• पोलीस आणि पालिकेकडे दिलेल्या अर्जाची प्रत. पोच आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.
• पाहणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर. सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून सोसायटीकडे ते लगेच मागा.

वकील परवडत नसेल तर

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते. स्त्रियांसाठी उत्पन्नाची अट नाही, हे अनेक गृहिणींना माहीतच नसतं.

आणि हो, राग आला म्हणून कुत्र्याला मारहाण करू नका किंवा विष घालू नका. तो गुन्हा आहे आणि त्यामुळे तुम्हीच आरोपी व्हाल. तुमच्या घरी कुत्रा असेल तर त्याची लस वेळेवर द्या आणि बाहेर नेताना पट्टा हातात ठेवा.

भरपाईने जखमेचा व्रण जाणार नाही. पण तुमचा एक अर्ज पालिकेच्या टेबलावर पोहोचला तर गल्लीतल्या कुत्र्यांच्या नसबंदीचा प्रश्न कोणाला तरी हातात घ्यावा लागेल. उद्या त्याच रस्त्याने शेजारचं लेकरू शाळेत जाणार आहे. त्यामुळे घरातल्या फाइलमध्ये आजच एक कप्पा रिकामा ठेवा आणि वेळ आलीच तर पहिल्या दिवसाचा केसपेपर त्यात जाऊ द्या.