करोना आला कुठून? गैरसमज आणि वस्तुस्थिती

करोनाचा विषय निघाला की दोन ठाम मतं हमखास ऐकू येतात. एक, 'तो वूहानच्या प्रयोगशाळेतूनच निसटला, आता सिद्धही झालंय.' दुसरं, 'वटवाघळातून आला, त्यात शोधायचं काय उरलंय?' दोन्ही मतं पुराव्याच्या पुढे धावतात.

'विषाणूत एचआयव्हीचे तुकडे जोडले होते' हा दावा तर केव्हाच निकालात निघाला आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस दिल्लीतल्या काही संशोधकांनी तसा प्राथमिक निबंध प्रसिद्ध केला. पण ते तुकडे इतके छोटे होते, की तसे क्रम इतर अनेक सजीवांतही सापडतात. टीका होताच दोन-तीन दिवसांत लेखकांनी निबंध मागे घेतला. तोवर दावा जगभर पोचला होता.

वटवाघळातला एक विषाणू करोनाच्या विषाणूशी ९६ टक्के जुळतो, हे खरं. पण सुमारे ३०,००० अक्षरांच्या जनुकीय मजकुरात उरलेले चार टक्के म्हणजे अकराशेहून जास्त फरक, उत्क्रांतीच्या हिशेबात काही दशकांचं अंतर. लाओसमध्ये नंतर मिळालेला विषाणू ९६.८ टक्के जुळला. तोही थेट पूर्वज नव्हे.

त्या ९६ टक्केवाल्या विषाणूचा माग काढण्यात पुण्याचा मोलाचा वाटा आहे. युन्नानमधल्या मोजियांगच्या खाणीत २०१२ साली वटवाघळांची विष्ठा साफ करणारे सहा कामगार न्यूमोनियासारख्या आजाराने आजारी पडले आणि तिघे दगावले. त्या खाणीचा आणि या विषाणूचा संबंध २०२० मध्ये पुण्याच्या संशोधक डॉ. मोनाली रहाळकर आणि डॉ. राहुल बाहुलीकर यांनी पुढे आणला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वूहानच्या विषाणूविज्ञान संस्थेने नमुना तिथलाच असल्याचं स्पष्ट केलं. कामगारांना करोनाच झाला होता, असं मात्र यातून ठरत नाही.

मग वूहानचा हुआनान बाजार? डिसेंबर २०१९ मधले सुरुवातीचे बरेच रुग्ण या बाजाराच्या आसपास राहणारे होते, बाजाराशी थेट संबंध नसलेलेही. बाजार बंद झाल्यावर तिथून घेतलेल्या काही नमुन्यांत विषाणूबरोबर रॅकून डॉगचा डीएनए सापडला. हा पुरावा वजनदार आहे, तरी तो प्राणीच बाधित होता हे त्यातून कळत नाही. जिवंत रानटी प्राणी तपासणीआधीच हलवले गेले होते. २००३ मध्ये सार्सच्या वेळी ग्वांगडोंगच्या बाजारातल्या उदमांजरांत विषाणू काही महिन्यांत मिळाला होता. इथे तसा प्राणी मिळालेला नाही.

प्रयोगशाळेची शक्यता वेडगळ ठरवणंही चूकच. तोच सार्सचा विषाणू २००३-०४ मध्ये सिंगापूर, तैपेई आणि बीजिंगमधल्या प्रयोगशाळांतून निसटला होता. मात्र 'सीआयएने सिद्ध केलं' हे खरं नाही: जानेवारी २०२५ मध्ये या अमेरिकी गुप्तचर संस्थेने प्रयोगशाळेच्या बाजूने कौल दिला, तोही 'कमी खात्री' असं नोंदवून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जून २०२५ च्या अहवालात उपलब्ध पुराव्याचं पारडं प्राण्याकडून संसर्ग होण्याकडे झुकतं असल्याचं म्हटलं, पण प्रयोगशाळेची शक्यता बाद केली नाही. उत्तर अडलं आहे ते माहितीअभावी. सुरुवातीच्या शेकडो रुग्णांचे जनुकीय क्रम, बाजारांत विकलेल्या प्राण्यांचा तपशील आणि वूहानच्या प्रयोगशाळांतलं काम व तिथली सुरक्षा यांची माहिती गटाने चीनकडे मागितली होती. अहवाल लिहून होईपर्यंत ती मिळाली नव्हती.