मारवाडचे कळप, माळव्याचे रान
मारवाडच्या कोरड्या टापूत मोठे कळप वर्षभर पोसण्याइतका चारा क्वचितच मिळत असल्याने राईका (रेबारी) पशुपालक पावसाळा सरल्यावर मेंढ्या व उंट घेऊन माळव्याकडे, म्हणजे इंदूर ज्यात मोडते त्या काळ्या मातीच्या पठाराकडे, उतरतात. अनेक कुटुंबांचे कळप एकत्र करून बनवलेल्या या फिरत्या तळास ‘डांग’ म्हणतात. मार्ग, मुक्काम, मेंढ्यांची विक्री व वनखात्याशी बोलणी हे बहुतांशी त्याचा म्होरक्या, अर्थात नंबरदार, पाहतो, आणि व्यवस्थापनाचे खरे कसब चाऱ्यापेक्षा या सामूहिक शिस्तीत आहे. पीक निघालेल्या रानात मेंढ्या रात्रभर बसवल्या की लेंडीखत मिळते, म्हणून शेतकरी धान्य वा पैसे देतो. हीच रीत दख्खनच्या धनगरांत आहे, आणि इंदूरचे होळकर घराणेही धनगरच.