अर्धवट जिवंत यंत्रांचा उपद्रव

संगणकांचं जाळं बंद पडलं की पहिला संशय मेलेल्या यंत्रावर जातो. कुठेतरी तार तुटली असेल, कुठला तरी डबा बंद पडला असेल. पण आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या आर्पानेटचा १९६९ ते १९९० हा काळ चाळला, तर मेलेल्या यंत्रांनी तिथे फारसं कुणाला छळलेलं दिसत नाही. यंत्रं मरणार, हे धरूनच ते जाळं उभारलं होतं. एक वाट बंद झाली तर दुसरी तयार. खरा घोळ घातला तो चालू असलेल्या, शेजाऱ्यांशी बोलणाऱ्या आणि ठामपणे खोटं सांगणाऱ्या यंत्रांनी.

सुरुवातच बिघाडाने झाली. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संगणकावर ‘लॉगिन’ करू पाहत होता. पलीकडे बिल डुव्हाल बसला होता. ‘एल’ पोचलं, ‘ओ’ पोचलं आणि तिसऱ्या अक्षराला पलीकडची यंत्रणा कोसळली. एका वेळी एकच अक्षर येईल-जाईल अशा हिशेबाने डुव्हालने जागा राखली होती. पलीकडच्या संगणकाने मात्र उरलेला शब्द आपणहून पुरा करून एकदमच पाठवायला घेतला, आणि जागा अपुरी पडली. तासाभरात दुरुस्ती झाली. हा किस्सा सगळीकडे गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यातला टेलिफोन जास्त महत्त्वाचा वाटतो. दोघं पूर्ण वेळ फोनवर होते, एकेक अक्षर पोचलं का ते एकमेकांना विचारत होते. जाळं दुरुस्त करायचं तर जाळ्याबाहेरची एक वाट हाताशी लागतेच, हे पहिल्याच रात्री दिसलं. ज्या कंपन्या सगळे फोन, दारांची कुलुपंसुद्धा, एकाच नेटवर्कवर टाकून मोकळ्या होतात त्यांना हे अजून उमगलेलं नाही.

आर्पानेटमध्ये वाटा ठरवण्याचं काम ‘आयएमपी’ नावाचे फ्रिजएवढे संगणक करत. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या बीबीएन या कंपनीने ते हनीवेलच्या यंत्रांपासून बनवले होते. त्यांना जोडणाऱ्या सेकंदाला पन्नास हजार बिट्सच्या तारा टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या. म्हणजे बिघाड झाला की आरोपी तीन: विद्यापीठाचा मोठा संगणक, बीबीएनचा आयएमपी किंवा टेलिफोन कंपनीची तार. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळा. बीबीएनने यावर चांगला उपाय केला. प्रत्येक आयएमपीने आपली तब्येत ठरावीक काळाने केंब्रिजच्या नियंत्रण केंद्राला कळवायची. शिवाय केंद्रात बसून दूरची तार तपासता यायची: पाठवलेलं तसंच परत फिरवायचं आणि ते धड येतं का पाहायचं. त्यामुळे कॅलिफोर्नियातली तार बिघडत चालल्याची तक्रार टेलिफोन कंपनीकडे थेट मॅसॅच्युसेट्सहून जाऊ लागली. तीन हजार मैलांवर बसलेल्या माणसाला आपल्या तारेचं दुखणं आपल्याआधी कसं कळतं, याचं तिथल्या लोकांना नवल वाटे, आणि सुरुवातीला रागही येई.

पण ही सगळी व्यवस्था यंत्र खरं बोलतंय या भरवशावर उभी होती. १९७३ मध्ये हार्वर्डच्या आयएमपीच्या मेमरीचा एक भाग निकामी झाला. यंत्र बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते चालूच राहिलं, फक्त मार्गांच्या तक्त्यात जिथे अंतरं असायला हवीत तिथे शून्यं वाचू लागलं. आर्पानेटची तेव्हाची पद्धत सोपी होती. प्रत्येक आयएमपी शेजाऱ्यांना सांगायचा की अमुक ठिकाणी पोचायला माझ्याकडून इतका वेळ लागतो. ज्याचा आकडा सर्वांत लहान त्याच्याकडे माल सोपवायचा. हार्वर्डने जाहीर केलं, माझ्याकडून कुठेही जायला वेळच लागत नाही. शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांच्यावर, आणि बघता बघता जाळ्यातली वाहतूक हार्वर्डकडे वळून तिथेच गडप होऊ लागली. उपाय म्हणून आयएमपीच्या प्रोग्रॅममध्येच चेकसम घातला. मार्गांचा संदेश, आणि तो बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा तुकडासुद्धा, वापरण्याआधी बेरीज करून तपासायचा. जुळला नाही तर वापरायचा नाही. यंत्राने आधी स्वतःवर संशय घ्यावा, ही कल्पना इथून रुजली.

१९७९ मध्ये मार्ग ठरवण्याची पद्धतच बदलली. आता शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर विसंबायचं नाही. प्रत्येक आयएमपीने फक्त आपल्या तारांवर किती विलंब होतो ते मोजून साऱ्या जाळ्याला कळवायचं, आणि प्रत्येकाने संपूर्ण नकाशा स्वतः बनवायचा. पद्धत निर्विवाद चांगली, आजही ती वेगळ्या रूपात वापरात आहे. तिच्यात एक बारीक फट मात्र राहिली. एकाच आयएमपीचे दोन अहवाल आले तर ताजा कोणता? त्यासाठी प्रत्येक अहवालाला क्रमांक होता, ० ते ६३, आणि ६३ नंतर पुन्हा ०. घड्याळाच्या तबकडीसारखी ही गोल मोजणी. तबकडीवर अर्ध्या फेरीपर्यंत जो पुढे, तो नवा समजायचा.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट काही तास जवळजवळ निकामी झालं. नियंत्रण केंद्राला जिकडेतिकडे तारा बंद होताना, पुन्हा चालू होताना दिसत होत्या. एखाद्या ठिकाणी बोट ठेवावं असं काहीच नव्हतं. अखेर काही आयएमपींची मेमरी जशीच्या तशी ओढून घेऊन वाचली, तेव्हा रांगाच्या रांगा एकाच यंत्राच्या, ५० क्रमांकाच्या आयएमपीच्या, अहवालांनी भरलेल्या आढळल्या. क्रमांक: ८, ४०, ४४, पुन्हा ८, ४०, ४४.

कागदावर मांडून पाहा. ८ पेक्षा ४० नवा, कारण अंतर ३२, बरोबर अर्धी फेरी. ४० पेक्षा ४४ नवा, हे उघडच आहे. आणि ४४ पेक्षा ८ नवा! ४४ पासून तबकडीवर पुढे चालत गेलं तर ८ अठ्ठावीस घरांवरच येतो. म्हणजे तिन्ही अहवाल एकमेकांपेक्षा ताजे. प्रत्येक आयएमपी ‘ताजी बातमी’ आली म्हणून ती शेजाऱ्यांना देत होता आणि तीच फिरून परत येत होती. मार्गांचे अहवाल सर्वांत तातडीचे मानलेले, त्यामुळे यंत्रांना दुसरं काही करायला सवड उरेना. तार जिवंत आहे हे तपासण्याचं साधं कामही वेळेवर होईना, म्हणून धडधाकट तारा मेल्याचं जाहीर होत होतं.

हे तीन क्रमांक द्विमान पद्धतीत लिहिले की गुन्हेगार सापडतो. ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक १ गळला की १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळला की ००१०००, म्हणजे ८. शेजारच्या एका यंत्राच्या मेमरीतून बिट्स गळत होते. तारेवरून जाताना होणाऱ्या चुका पकडायला चेकसम होता, पण संदेश यंत्राच्या पोटात असताना झालेली चूक त्याच्या नजरेतून सुटली. एखादा आयएमपी बंद करून पुन्हा सुरू करणं व्यर्थ होतं, कारण सुरू होताच शेजारी तेच तीन अहवाल त्याच्या हातात ठेवणार. शेवटी प्रत्येक आयएमपीच्या प्रोग्रॅममध्ये थिगळ लावलं: ५० क्रमांकाकडून आलेलं काहीही मनावर घेऊ नकोस. बीबीएनच्या एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये आरएफसी ७८९ या टिपणात हा सगळा तपास लिहून ठेवला. पुढे रॅडिया पर्लमन यांनी अशा प्रसंगातून आपोआप सावरणारी पद्धत मांडली आणि नंतरच्या जाळ्यांत ती गोल मोजणी मागे पडली.

तोवरची तपासाची साधनं केंद्रात बसणाऱ्या मोजक्या लोकांच्याच हातात होती. ती सगळ्यांच्या हाती आली ती ऐंशीच्या दशकात. डिसेंबर १९८३ मध्ये मेरीलँडमधल्या लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूस यांना आपलं नेटवर्क विचित्र वागताना दिसलं. एका रात्रीत त्यांनी छोटासा प्रोग्रॅम लिहिला: समोरच्या यंत्राला हाक मारायची, उत्तराला किती वेळ लागतो ते मोजायचं. नाव ठेवलं पिंग, पाणबुडीच्या सोनारवरून. गंमत अशी की पहिली हाक जाण्याआधीच एका सहकाऱ्याने बिघडलेलं हार्डवेअर शोधून दुरुस्तही केलं होतं. आज हिंजवडीतल्या कुठल्याही ऑफिसात नेट अडलं की पहिलं वाक्य येतं, ‘‘पिंग मारून बघ.’’

मूस यांनीच सांगितलेला आणखी एक किस्सा. एका नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या इमारतीत इथरनेटचं जाळं मधूनच तुटायचं. त्याने पिंगचं उत्तर आलं की संगणकाने ‘पिंग’ असं मोठ्याने म्हणावं अशी सोय केली, तो आवाज स्टिरिओला जोडून पूर्ण चढवला आणि स्वतः इमारतभर एकेक जोडणी हलवत फिरला. आवाज थांबला तिथे बिघाड. असं तपासतंत्र कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा मला सरस वाटतं.

ऑक्टोबर १९८६ मध्ये वेगळाच पेच आला. लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्डांचं, पण त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर घसरला. यावेळी बिघडलं काहीच नव्हतं. पोच वेळेवर आली नाही की प्रत्येक संगणक तेच पाकीट पुन्हा पाठवत होता आणि कोंडी वाढवत होता. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी संगणकांना हात आखडता घ्यायला शिकवलं. जेकबसन यांनीच ट्रेसराउट लिहिलं. मुद्दाम अल्पायुषी पाकिटं पाठवायची, वाटेत ज्या राउटरवर ती मरतील तो तसं कळवतो, आणि आयुष्य एकेकाने वाढवत गेलं की वाटेतली नावं ओळीने मिळतात.

२८ फेब्रुवारी १९९० रोजी आर्पानेट अधिकृतपणे बंद झालं. खोट्या वाटांचा प्रश्न मात्र इंटरनेटकडे वारशाने आला. २५ एप्रिल १९९७ ला अमेरिकेतल्या एका छोट्या सेवादात्याच्या राउटरने जगातल्या असंख्य पत्त्यांची वाट आपल्याकडूनच जाते असं जाहीर केलं. राउटरची तार उपटल्यावरही त्याची खोटी बातमी काही काळ फिरतच राहिली. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला वापरलेली वाट बाहेर पडली आणि जगातल्या बऱ्याच भागात यूट्यूब सुमारे दोन तास मिळेनासं झालं. दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी न तपासता विश्वास ठेवला होता, हार्वर्डच्या शेजाऱ्यांनी ठेवला तसाच.

नेटवर्कचं काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मुलामुलींना एकच सांगणं. आरएफसी ७८९ फुकट मिळतो आणि एका बैठकीत वाचून होतो. पुढचं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी हजारो रुपये भरण्याआधी तो वाचा.