घरगुती कार्यशाळा आणि कळ बंद केल्यानंतरचे धोके

इलेक्ट्रॉनिकीचा छंद बहुधा घरातच जोपासला जातो. एक टेबल, डाख देण्याचे साहित्य, विद्युत् मापक आणि सुट्या भागांच्या डब्या एवढी सामग्री आरंभाला पुरते. परंतु त्याच खोलीत मुले अभ्यास करतात, खेळतात आणि पुष्कळदा जेवतातही. कारखान्याला संध्याकाळी कुलूप लागते. घरातील टेबलाला दार नसते. म्हणून काम संपवून उठल्यावर त्या टेबलावर काय मागे राहते, याचा विचार प्रत्येक छंदी माणसाने केला पाहिजे.

मागे राहणारी पहिली गोष्ट म्हणजे विद्युत् भार. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्यापूर्वीच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत दोनशे व्होल्टच्या आसपासचा दाब सामान्य होता. ट्रान्झिस्टरला थोडे व्होल्ट पुरतात. यावरून आजची उपकरणे निरुपद्रवी आहेत, असे मात्र समजू नये. आपल्या घरातील प्रत्यावर्ती विजेचा दाब २३० व्होल्ट असला, तरी त्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. आजच्या बहुतेक अडॅप्टरांत ही वीज प्रथम एकदिश केली जाते आणि धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, साठविली जाते. नळ बंद केला तरी टाकीत पाणी असतेच. त्याचप्रमाणे प्लग काढल्यावरही धारित्रात भार राहू शकतो. १०० मायक्रोफॅरडच्या धारित्रात ३२५ व्होल्टला सुमारे ५ जूल ऊर्जा असते. तिचा धक्का धोकादायक ठरू शकतो.

हा भार काढून टाकण्यासाठी धारित्राच्या दोन्ही टोकांना एक लाख ओहमचा, एवढा दाब सोसणारा, ३ वॅटचा रोधक निरोधक आवरणाच्या तारांनी जोडावा. रोध आणि धारिता यांचा गुणाकार येथे १० सेकंद येतो. तेवढ्या प्रत्येक अवधीत दाब आधीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर उतरतो. ५० सेकंदांनी तो २ व्होल्टच्या जवळपास येतो. तरीही मापकाने खात्री केल्यावाचून हात लावू नये. पेचकसाने टोके एकत्र जोडण्याची रीत वाईट. तीत मोठी ठिणगी उडते. नवशिक्याने तर घरच्या विजेवर चालणारी उपकरणे उघडूच नयेत.

दुसरी गोष्ट शिसे. ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. डाख देताना दिसणारा धूर शिशाचा नसून मुख्यतः राळेचा असतो. तो श्वसनमार्गाला त्रास देतो, म्हणून खिडकी उघडी असावी. शिसे मात्र बोटांवरून तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशाचा मोठा अंश मुलांचे शरीर शोषून घेते आणि त्यांच्या वाढत्या मेंदूला त्याची हानी पोहोचते. यासाठी जेवणाच्या टेबलावर हे काम करू नये, कामानंतर साबणाने हात धुवावेत आणि टेबल ओल्या फडक्याने पुसावे. शिसेरहित डाखही मिळतो. तो सुमारे २१७ अंशांना वितळतो.

तिसरी गोष्ट दिसायला सर्वांत क्षुल्लक आहे: नाण्याएवढा लिथियम सेल. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर तेथील ओलाव्यातून प्रवाह वाहतो. ऋण ध्रुवापाशी दाहक अल्क तयार होतो आणि दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. उपकरण चालविण्यास निकामी झालेला सेलही असा अपाय करू शकतो. सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. उलटी करवू नये. नवे व जुने सेल झाकणबंद डब्यात, उंचावर ठेवावेत.

याचा अर्थ मुलांना टेबलापासून दूर ठेवावे, असा नव्हे. दोन कोरडे सेल, १०० ओहमचा रोधक आणि एक तांबडा प्रकाश-डायोड एवढ्यांतून त्यांना मंडलाचा पहिला पाठ सुखाने देता येईल. सेल बाहेर काढणे, जोडणी करणे आणि शेवटी मोजून सर्व डब्यात परत ठेवणे, ही तिन्ही कामे त्या पाठाचाच भाग असावीत. आवराआवर ही प्रयोगाची शेवटची पायरी आहे, हे मुलांना त्यातून आपोआप उमगेल.