प्रवाळांतील सहजीवी शैवले आणि ऊर्जेचा साठा : मालवणच्या प्रवाळांच्या संदर्भात

कृष्णेच्या खोऱ्यात, कुंडल-पलूसच्या पट्ट्यात, उसाची प्रतवारी अखेर उताऱ्यावर होते. पानांत सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तयार झालेल्या शर्करेपैकी किती वाढीत खर्च झाली आणि किती कांड्यांत साठली, याचा तो हिशेब असतो. नत्र उशिरा आणि जास्त पडले की ऊस हिरवागार दिसतो, पण उतारा घसरतो, हे त्या भागातील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. सह्याद्रीच्या पलीकडे, मालवणच्या उथळ समुद्रात वाढणाऱ्या प्रवाळांचे जीवनही अशाच एका हिशेबावर चालते. भेद इतकाच, की उसात शर्करा निर्माण करणारा आणि ती साठविणारा जीव एकच असतो. प्रवाळात ते दोन आहेत, आणि दोघांचे हित प्रत्येक वेळी जुळतेच असे नाही.

‘प्रवाळ’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम अंगठीतील पोवळे येते. ते पोवळे भूमध्य समुद्रातील एका वेगळ्या जातीचे असून त्या प्राण्यात शैवले नसतात. अंधुक प्रकाशातही तो वाढतो. येथे विचार करावयाचा आहे तो शैलभित्ती बांधणाऱ्या कठीण प्रवाळांचा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर पोराइट्स, गोनिॲस्ट्रिया, फॅव्हाइट्स, टर्बिनेरिया इत्यादी प्रजातींच्या वसाहती आढळतात, आणि १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात त्यांचा समावेश होतो. त्यांच्या अंतःस्तरातील कोशिकांमध्ये डायनोफ्लॅजेलेट गटातील एककोशिक शैवले राहतात. निरोगी प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाखाली त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असते. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग हा मुख्यतः या शैवलांचाच होय.

या शैवलांचे प्रवाळाच्या पोषणात नेमके स्थान कोणते, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या मोहिमेचे प्रमुख सी. एम. यंग यांनी प्रवाळ हे पूर्णतः मांसाहारी असून शैवले केवळ त्यांची उत्सर्जिते वाहून नेण्यास उपयोगी पडतात, असे प्रतिपादन केले. १९४४ मध्ये कावागुती यांनी ही शैवले डायनोफ्लॅजेलेट गटातील असल्याचे दाखविले व १९६२ साली फ्रॉयडेन्थाल यांनी त्यांना ‘सिंबायोडिनियम’ हे नाव दिले. निर्णायक पुरावा मात्र किरणोत्सर्गी कार्बनाच्या वापराने मिळाला. मस्कॅटिन आणि सर्निकियारी यांनी १९६९ मध्ये शैवलांनी स्थिर केलेला कार्बन-१४ प्रवाळाच्या स्वतःच्या ऊतकात, तेथील वसेत आणि प्रथिनांत, पोचतो हे दाखवून दिले. भरपूर प्रकाशात शैवलांच्या उत्पादनाचा फार मोठा वाटा यजमानाकडे जातो आणि त्याची दैनंदिन श्वसनाची गरज भागून शिल्लक उरू शकते, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

ही शिल्लकच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. शैवलांकडून येणारा माल मुख्यतः ग्लुकोज, ग्लिसरॉल अशा स्वरूपाचा, म्हणजे कार्बनाने समृद्ध पण नत्राने दरिद्री असतो. नवे ऊतक बांधण्यास नत्र हवे, आणि ते प्रवाळाला प्लवकांच्या भक्षणातून व पाण्यातून मिळवावे लागते. तोपर्यंत आलेला कार्बन तीन वाटांनी जातो : काही श्वसनात जळतो, काही श्लेष्माच्या रूपाने समुद्रात वाहून जातो, आणि उरलेल्याचे प्रवाळाच्या कोशिकांत ट्रायग्लिसराइडे व मेण यांत रूपांतर होऊन त्याचे थेंब साठतात. एक ग्रॅम वसेत सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा असते, कार्बोहायड्रेटांत सुमारे १७. तेव्हा साठवणीसाठी वसेची निवड स्वाभाविकच आहे. ऊतकाच्या कोरड्या वजनात वसेचे प्रमाण जातीनुसार व ऋतूनुसार साधारण दहा ते चाळीस टक्के भरते. सावलीत ठेवलेल्या प्रवाळांत ते घटते. अंड्यांमध्ये तर अनेक जातींत निम्म्याहून अधिक वजन वसेचे असते, आणि म्हणूनच ती पाण्यावर तरंगतात. अर्थात, साठा आटला तर त्याचा पहिला फटका पुढील पिढीला बसतो.

सर्व शैवले सारखी उदार नसतात. पूर्वी एकाच प्रजातीत गणली जाणारी ही शैवले २०१८ साली लाजुनेस व सहकाऱ्यांनी अनेक प्रजातींत विभागली. त्यांपैकी क्लॅडोकोपियम आणि ड्युरुस्डिनियम या दोहोंतील तुलना विशेष उद्बोधक आहे. ड्युरुस्डिनियम उष्णता अधिक सोसते. तथापि ॲक्रोपोरा प्रजातीच्या पिल्लांवरील प्रयोगांत क्लॅडोकोपियम धारण करणाऱ्या वसाहती दोन ते तीन पट वेगाने वाढल्या (२००४), आणि त्यांच्या ऊतकांत प्रकाशसंश्लेषित कार्बनही सुमारे दुप्पट उतरल्याचे आढळले (२००९). म्हणजे जो भाडेकरू उन्हाळ्यात घर सोडत नाही, तो एरवी भाडे कमी देतो. पाणी तापत गेले की हे अंतर कमी होते, अशीही निरीक्षणे आहेत. त्यामुळे उष्णतासहिष्णू शैवल हे सरसकट वरदान वा सरसकट हानी ठरविणे घाईचे होईल.

येथे नत्राचा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. प्रवाळ आपल्या शैवलांना एक प्रकारे नत्राच्या उपासमारीत ठेवतो. त्यांची वाढ खुंटलेली असते म्हणूनच त्यांच्या हातून शर्करा सुटते. सांडपाणी किंवा शेतातून वाहून आलेली खते यांमुळे पाण्यातील नत्र वाढले, तर शैवलांची संख्या वाढते, कार्बन त्यांच्याच विभाजनात खर्च होतो आणि यजमानाचा वाटा घटतो. वसाहत अधिक गडद, अधिक ‘निरोगी’ दिसू लागते. हिरव्यागार पण उतारा नसलेल्या उसाशी याचे साम्य वरवरचे नाही. दोन्हीकडे नत्र कार्बनाला साठ्याकडून वाढीकडे वळविते. रंगावरून प्रवाळाची प्रकृती ठरविणाऱ्या पाहणीची मर्यादा यातून ध्यानात येते.

उलट दिशेनेही रंग फसवतो. पाण्याचे तापमान सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून एखादा अंश अधिक राहून काही आठवडे टिकले, की शैवलांची प्रकाशसंश्लेषण यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन-संयुगे निर्माण होतात, आणि शैवले बाहेर पडतात. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ पांढरा पडतो, पण मेलेला नसतो. त्याचे उत्पन्न थांबलेले असते व तो साठ्यावर जगत असतो. साठा किती दिवस पुरेल आणि तोवर शैवले परततील काय, यावर त्याचे जगणे-मरणे ठरते. ग्रोटोली व सहकाऱ्यांनी २००६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवाई बेटांवरील प्रयोगांत माँटिपोरा कॅपिटाटा या जातीने विरंजनानंतर प्लवकभक्षण इतके वाढविले, की दैनंदिन ऊर्जेची पूर्ण गरज त्यावरच भागली. पोराइट्सच्या दोन जातींना ते जमले नाही. त्यांनी साठा खर्च केला. तेव्हा शैवलांच्या अभावी काय होईल, हे प्राण्याच्या खाण्याच्या क्षमतेवरही अवलंबून असते.

मालवणच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे. तेथील पाणी खाड्यांच्या गाळामुळे मुळातच गढूळ असते. गढूळपणा प्रकाश कमी करतो, पण अन्नकणही आणतो. ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत (२०००) गोनिॲस्ट्रिया रेटिफॉर्मिस या जातीने कमी प्रकाशाची भरपाई कणभक्षणाने केली. पोराइट्स सिलिंड्रिकाला ती करता आली नाही. या दोन्ही प्रजाती मालवणात एकाच खडकावर शेजारी शेजारी सापडू शकतात. एकाच उन्हाळ्याचा परिणाम दोघींवर सारखा होईल, असे गृहीत धरण्यास म्हणूनच आधार नाही. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेस असलेल्या आंग्रिया बँकेवरील प्रवाळांची स्थिती आणखी निराळी : तो बुडालेला पठारी भाग सुमारे वीस मीटर खोल असला तरी पाणी स्वच्छ आहे, आणि तेथे ऊर्जेचा हिशेब गाळावर कमी व प्रकाशावर अधिक चालणार हे उघड आहे.

त्याहून बिकट प्रश्न ऋतुक्रमाचा आहे. कोकणचा समुद्र एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक तापतो आणि लगोलग जूनमध्ये पावसाळा सुरू होतो. पावसाळ्याने पाणी थंड होते, हा दिलासा खरा. परंतु त्याच वेळी आकाश झाकोळते, गोडे पाणी व गाळ समुद्रात येतो आणि अंगावरचा गाळ झटकण्यासाठी श्लेष्मा खर्ची पडतो. मे महिन्यात शैवले गमावलेल्या वसाहतीला उरलेली शैवले वाढविण्यासाठी जो प्रकाश हवा, तो ऑक्टोबरपर्यंत पुरेसा मिळत नाही. साठ्याने हे चार महिने तरून जावे लागते. मालवणातील विरंजनाची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१५ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली आहे. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. पोहणाऱ्या पर्यटकांच्या पायांनी होणाऱ्या जखमाही याच साठ्यातून भरून काढाव्या लागतात, हे विसरता येत नाही.

साठा मोजण्याची रीत अवघड नाही. नखाएवढ्या तुकड्यावरील ऊतक वेगळे करून क्लोरोफॉर्म व मिथेनॉल यांच्या मिश्रणात वसा उतरवून घेतात आणि राखविरहित कोरड्या वजनाशी तिचे प्रमाण काढतात. सोबत शैवलांची गणना व जनुकीय ओळख करावी लागते. सर्व कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने नमुन्यास परवानगी आवश्यक असते आणि नमुने थोडेच घेता येतात. म्हणून ते केव्हा घ्यावेत याला महत्त्व येते. वर्षातून एकच नमुना घ्यावयाचा झाल्यास तो पाणी तापण्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये घेणे श्रेयस्कर. कारण हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात शैवलांनी किती भर घातली, आणि येणाऱ्या उन्हाळ्या-पावसाळ्यास वसाहत किती शिदोरी घेऊन सामोरी जात आहे, हे त्या वेळीच कळते. दुसरा नमुना ऑक्टोबरात त्याच वसाहतीचा घेतल्यास खर्चाचा आकडा मिळतो.